मासिकाच्या प्रकाशन विभागात करिअर: इंदूरच्या मराठी वाचकांचे नेहमीचे प्रश्न

प्रकाशन एक्झिक्युटिव्ह म्हणजे संपादकच ना?

नाही. अंकात काय छापायचे हे संपादक ठरवतो. तो अंक किती प्रतींचा, कोणत्या कागदावर, किती खर्चात निघेल आणि कोणत्या तारखेला कोणाच्या हातात पडेल, हे प्रकाशन विभाग पाहतो. मोठ्या समूहात या कामाचे चार तुकडे असतात: जाहिरात, वितरण, निर्मिती आणि वर्गणी. त्या सगळ्यांवर असोसिएट पब्लिशर आणि पब्लिशर असतात. छोट्या मराठी मासिकात ही चारही खाती एकच माणूस सांभाळतो, पावती पुस्तकही त्याच्याच पिशवीत असते. शिकायला ही दुसरी जागा चांगली, पण तिथे दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त रेंगाळू नये.

इंदूरमध्ये राहून हे जमते का? सगळे तर पुण्या-मुंबईत आहे.

मराठी मासिकांच्या नोकऱ्या बहुतेक तिकडेच आहेत, हे खरे. पण प्रकाशनाचे काम भाषेपुरते बांधलेले नाही. इंदूर हे हिंदी छापील माध्यमांचे जुने गाव आहे. 'नई दुनिया' १९४७ साली इथेच सुरू झाला आणि त्याचे गाजलेले संपादक राहुल बारपुते मराठी घरातलेच. 'वीणा' हे हिंदी मासिक १९२७ पासून इथून निघते. छपाई, बांधणी, वितरण आणि जाहिरात ही कामे हिंदी नियतकालिकांत शिकून घेता येतात आणि मराठीत जशीच्या तशी वापरता येतात.

तेवढ्यावर थांबू नका. शाळा, रुग्णालये, व्यापारी संघटना आणि समाजमंडळे स्वतःची मासिके काढतात. तिथे प्रकाशन समजणारा माणूस सहसा नसतोच. गृहपत्रिका म्हणजे कमी दर्जाचे काम, असे समजू नये. १९२० साली कारखान्याची 'किर्लोस्कर खबर' निघाली, तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि त्यामागून 'स्त्री' आणि 'मनोहर' आली.

शिक्षण कोणते हवे?

या पदासाठी सक्तीची अशी पदवी नाही. बी.कॉम. असल्यास हिशेब समजतो, पत्रकारिता असल्यास अंक समजतो. देवी अहिल्या विश्वविद्यालयात पत्रकारिता आणि जनसंचाराचा विभाग आहे, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे. मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम हवा असेल तर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र पाहा. यांतले काहीही केले तरी एक्सेल चांगले यायला हवे आणि पानाची पीडीएफ उघडून तिच्यातला दोष दाखवता यायला हवा. या दोन गोष्टी मुलाखतीत हमखास तपासल्या जातात.

सुरुवात कोणत्या खात्यातून करावी? जाहिरातीत पैसे जास्त मिळतात असे ऐकले.

मिळतात, कारण तिथे इन्सेंटिव्ह असतो. तरी आमचा सल्ला वितरण आणि वर्गणीचा. कोणत्या गावचे अंक परत येतात, वर्गणीदार कोणत्या महिन्यात गळतात, कोणता विक्रेता गठ्ठा सोडवूनही घेत नाही, हे वर्षभर पाहिलेला माणूस पुढे जाहिरात विकताना खरे आकडे बोलतो. उलट जाहिरातीतून थेट वर गेलेल्याला 'आमचा खप दहा हजार' म्हणायची सवय लागते. छपाईची ऑर्डर तीन हजारांची असल्याचे तो स्वतःच विसरतो.

महिन्याचे वेळापत्रक कसे असते?

१ तारखेचा अंक धरा. आदल्या महिन्याच्या ५ तारखेला मजकूर बंद, १२ ला जाहिराती बंद, १६ ला पाने अंतिम, १८ ला प्लेट (ज्यावरून पाने छापतात तो पत्रा), १९ ते २१ छपाई, २३ पर्यंत बांधणी आणि कटिंग, २४ ला गठ्ठे हातात. त्यानंतर पत्त्यांची लेबले, आणि टपाल खात्याशी ठरलेल्या तारखेला अंक पोस्टात.

घोळ सहसा १२ ते १६ या दिवसांत होतो. पूर्ण पानाची जाहिरात 'उद्या येते' म्हणून पान अडवून ठेवले जाते, ती येत नाही आणि मग घाईने काहीतरी भरले जाते. त्यासाठी दर महिन्याला दोन पूर्ण पाने आणि दोन अर्धी पाने भरतील एवढा, तारखेला न बांधलेला मजकूर संपादकाकडून आधीच जुळवून घ्या. मुदत पाळणाऱ्या जाहिरातदाराला चांगली जागा द्या. उशीर करणाऱ्यासाठी मुखपृष्ठाच्या आतले पान कधीही अडवू नका.

कागद किती लागेल, हे कसे काढायचे?

हे तोंडपाठ हवे. छापखान्याने सांगितलेला आकडा मान्य करण्याआधी स्वतःचा आकडा तयार पाहिजे.

२३ × ३६ इंची कागदाच्या एका तावातून नेहमीच्या मासिक आकाराची (साधारण ८.२५ × १०.७५ इंच) १६ पाने निघतात, एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ. या १६ पानांचा एक फर्मा. ६४ पानांच्या अंकाला म्हणजे चार फर्मे. २,००० प्रतींना ८,००० ताव, अर्थात ५०० तावांची १६ रीमे. ७० जीएसएम (एका चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोच्या, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या छपाईच्या कागदाच्या, या आकाराच्या रीमाचे वजन सुमारे १८.७ किलो भरते, म्हणून १६ रीमे म्हणजे जवळपास ३०० किलो. सेटिंग आणि बांधणीतली नासाडी ६ टक्के धरली तर १७ रीमे मागवायची. मुखपृष्ठाचा आर्ट पेपर यात नाही, तो वेगळा.

पाने नेहमी १६ च्या पटीत ठेवा, फार तर ८ च्या. ६८ पाने म्हटली की चार पानांसाठी वेगळी प्लेट आणि वेगळा फेरा लागतो आणि बांधणाऱ्याला एक सुटा तुकडा हाताने घालावा लागतो. संपादकाला 'फक्त चारच पाने वाढवली' असे वाटते, पण बिलात ती चार पाने सहज ओळखू येतात.

तयार अंकाचे वजनही आधीच काढा. वरचा अंक १७० जीएसएमच्या कव्हरसह साधारण १४८ ग्रॅम भरतो. तोच ८० जीएसएमवर घेतला तर १६५ ग्रॅमच्या वर जातो. वजनाचा टप्पा ओलांडला की टपालखर्च प्रत्येक प्रतीमागे वाढतो आणि तो वर्षभर वाढलेलाच राहतो.

छपाईत नेमके काय बिघडते?

बरेच काही. पण तक्रारींपैकी मोठा भाग या मोजक्या कारणांनी येतो.

काळा मजकूर चारही रंगांत गेलेला असतो. प्लेट केसभर सरकली की देवनागरीच्या वेलांट्या आणि अनुस्वार धुरकट दिसतात. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर आहे ना, हे पीडीएफमध्ये रंग वेगवेगळे करून पाहा. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरेही याच कारणाने बुजतात.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेले असतात, त्यामुळे दाबून लहान झालेले. ते 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा आणि छापायच्या मापाला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) भरतात का, ते तपासा.

मधली पिन मारलेल्या जाड अंकात आतली पाने बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये पानक्रमांक कापले जातात. पाने वाढली की आतल्या पानांचा बाहेरचा समास जास्त ठेवावा लागतो. परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पाने कण्याला गोंदाने चिकटवतात ती बांधणी) उलटे होते: कण्याच्या बाजूचे ५ ते ८ मिलिमीटर गिळले जातात. जोडपानावरचा फोटो चेहऱ्यातच दुमडला जातो तो यामुळे.

कव्हर कण्यावर तडकते, कारण कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, आडवा घेतलेला असतो. दाणा कण्याला समांतर हवा. एवढे एक वाक्य ऑर्डरवर लिहिले की पुरते.

आणि पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतली ओल शोषून फुगतो, रंग जुळत नाहीत, शाई वाळायला वेळ लागतो आणि घाईने रचलेल्या गठ्ठ्यात पानाची शाई शेजारच्या पानावर उमटते. रीमे छपाईच्या दिवसापर्यंत वेष्टनातच ठेवायला सांगा आणि त्या दोन महिन्यांत वेळापत्रकात एक दिवस जास्तीचा धरा.

हिंदी टायपिस्टकडून मराठी अंक लावून घेताना काय पाहावे?

इंदूरकरांचा हा खास प्रश्न, आणि यावर थोडे थांबायला हवे. पान लावणारा कुशल असतो, पण त्याचा डोळा हिंदीला सरावलेला. 'ळ' च्या जागी 'ल', 'ण' च्या जागी 'न', 'आणि' चे 'आणी' या चुका त्याला चुका वाटतच नाहीत. शिवाय मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. काही युनिकोड फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्याशिवाय मराठी रूप दिसत नाही. फाँट बदलण्याआधी ही सेटिंग पाहा.

जुन्या लेखकांचा मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये येतो. तो रूपांतरित करताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि 'ऱ्य'चे काहीही होऊ शकते. रूपांतर झाले की 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'ऱ्हास', 'निर्णय', 'सूर्य', 'ॲप' हे शब्द शोधून पाहा. हे सहा नीट असतील तर बाकीचे बहुधा नीट असते. इनडिझाइन या पाने लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर ही सेटिंग चालू नसेल तर जोडाक्षरे सुटी पडतात. शेवटचे मुद्रितशोधन मात्र मराठीच्याच माणसाने, कागदावर, प्लेटच्या आधी करावे. प्लेटनंतर सापडलेली चूक म्हणजे प्लेटचा नवा खर्च.

अंकाची किंमत आणि स्टॉलवरच्या प्रती कशा ठरवायच्या?

उदाहरण घेऊ, आकडे केवळ समजण्यापुरते. २,००० प्रतींचा खर्च ₹७०,०००, म्हणजे सरासरी ₹३५. किंमत ₹६०, विक्रेत्याचे कमिशन ३० टक्के, हातात ₹४२. स्टॉलवर ५०० प्रती पाठवल्या, ३०० विकल्या. उत्पन्न ₹१२,६००. सरासरीने खर्च ₹१७,५००, म्हणजे तोटा.

पण प्लेट आणि मजकुराचा खर्च स्टॉलच्या प्रती नसत्या तरी झालाच असता. त्या ५०० प्रतींचा वाढीव खर्च कागद, छपाईचा फेरा आणि बांधणी एवढाच. तो ₹२२ धरला तर ₹११,०००, म्हणजे ₹१,६०० उरले. एकाच विक्रीवर दोन हिशेब, निष्कर्ष उलटे. चालू अंकाच्या काही प्रती वाढवायच्या का, हे वाढीव खर्चावर ठरवा. किंमत आणि वर्गणी मात्र सरासरीवरच ठरवा, नाहीतर मूळ खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

परत आलेल्या प्रती पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंतच घ्या आणि हे आधी लेखी ठरवा. चार महिन्यांचे गठ्ठे एकदम परत आले की हिशेब जुळवणे अशक्य होते.

आजीव वर्गणी घ्यावी का?

मराठी मासिकांना या वर्गणीने आधी तारले आणि नंतर बुडवलेही. आजीव वर्गणी हे उत्पन्न नाही, ते कर्ज आहे. समजा ₹५,००० घेतले. १२ अंकांचा वाढीव छपाईखर्च ₹२६४, वेष्टन आणि टपाल ₹१२०, एकूण वर्षाला ₹३८४. ₹५,००० बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर व्याज ₹३५०. पहिल्याच वर्षी ₹३४ कमी, आणि कागद काही स्वस्त होत नाही. व्यवहारात तर ते पैसे बँकेत जातच नाहीत, त्याच महिन्याचे छपाईचे बिल त्यातून भागवले जाते.

मागणी असेल तर 'दहा वर्षे' अशी मुदत घाला, पैसे मुदत ठेवीत टाका आणि दरवर्षी एक दशांशच उत्पन्नात धरा. तुम्ही रुजू व्हाल तिथे जुने आजीव वर्गणीदार असतील तर पहिल्या महिन्यात त्या यादीतले फोन लावा. किती अंक बंद घरांत पडत आहेत, ते तेव्हा कळेल.

चालू वर्गणीदार टिकवण्याचा साधा मार्ग?

मुदत संपण्याच्या तीन अंक आधी लेबलवरच 'वर्गणी अमुक महिन्यापर्यंत' असे छापा. दोन अंक आधी क्यूआर कोडसह संदेश पाठवा, आणि शेवटच्या अंकात घडी घालून ठेवलेले आठवणपत्र. अंक बंद झाल्यावर एक फोन. हा फोन संध्याकाळी करावा आणि मराठीतच बोलावे. इंदूरच्या मराठी घरांत 'आपल्या भाषेतले मासिक' हे वर्गणीचे मोठे कारण असते, तिथे हिंदीतला ठरावीक कॉल उलटा पडतो.

टपालाची सवलत कशी मिळते?

नोंदणीकृत नियतकालिकाला टपाल खात्याकडून सवलतीच्या दराची परवानगी घेता येते. खऱ्या वर्गणीदारांची यादी, ठरलेले टपाल कार्यालय आणि ठरलेल्या तारखा लागतात. परवाना क्रमांक अंकावर छापावा लागतो. ही सोय ३१ दिवसांच्या आत निघणाऱ्या नियतकालिकांसाठी आखलेली आहे. त्रैमासिक काढायचे असेल तर टपालखर्चाचा हिशेब वेगळा करा. २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञान पोस्ट'चा स्वस्त दर पाहून हुरळू नका. तो पुस्तकांसाठी आहे, नियतकालिके आणि जाहिरातींचे छापील साहित्य त्यात बसत नाही.

गठ्ठे पिनकोडनुसार बांधून द्या. पिनकोड चुकलेली प्रत हरवत नाही, पण महिनाभर फिरते. वर्गणीदाराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

नोंदणीचा कायदा बदलला म्हणतात?

हो. १८६७ चा जुना कायदा जाऊन प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ आला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू आहे. आता 'प्रेस सेवा' पोर्टलवर शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज ऑनलाइन होतो. पूर्वीचे आरएनआय (वृत्तपत्र निबंधक कार्यालय) आता भारताचे प्रेस महानिबंधक. जिल्हा प्रशासनाला अर्जावर मत देण्यासाठी ६० दिवस असतात, तेव्हा पहिल्या अंकाची तारीख त्याहून लांबची ठरवा. नोंदणीशिवाय नियतकालिक काढले तर पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

शीर्षकाची अट इंदूरकरांना दोन्हीकडून लागते: त्याच भाषेत देशात कुठेही आणि त्याच राज्यात कोणत्याही भाषेत सारखे शीर्षक नसावे. म्हणजे महाराष्ट्रातली मराठी आणि मध्य प्रदेशातली हिंदी, अशी दोन्ही शीर्षके तपासायची. 'संस्कृती', 'प्रेरणा' असले शब्द या चाळणीतून निघणे कठीण. दोन शब्दांचे, जरा वेगळे नाव सुचवा.

शोधनिबंधांची पत्रिका काढणाऱ्यांनी आयएसएसएनशी (नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) या नोंदणीची गल्लत करू नये. तो क्रमांक दिल्लीहून विनाशुल्क मिळतो आणि तो नोंदणीचा पर्याय नाही.

जाहिरात विकताना काय लक्षात ठेवायचे?

दरपत्रक एकच असावे. सवलत द्यायची तर ती किती अंकांच्या करारावर, हेही त्यावरच छापलेले असावे. एजन्सीचे कमिशन साधारण १५ टक्के असते. रिलीज ऑर्डरशिवाय (जाहिरात छापण्याचा लेखी आदेश) जाहिरात लावू नका, आणि बिलासोबत व्हाउचर प्रत, म्हणजे जाहिरात छापल्याचा पुरावा म्हणून अंकाची प्रत, द्या. ती नसेल तर पैसे अडकतात. एबीसीचे प्रमाणपत्र (ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स, १९४८ पासूनची ही संस्था सहामाही खप तपासते) छोट्या मासिकाकडे नसते. तिथे छापखान्याचे बिल आणि टपालाच्या पावत्या दाखवा, प्रामाणिक आकडा लहान असला तरी चालतो.

छापील मासिकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के आणि वेबसाइटवरच्या जाहिरातीवर १८ टक्के आहे. छापील आणि डिजिटल पॅकेज एकत्र विकलेत तर बिलात दोन ओळी वेगळ्या ठेवा. विक्री करमुक्त असल्याने कागदावर भरलेल्या कराचे पूर्ण क्रेडिट मिळत नाही, हे अंदाजपत्रकात धरा.

काही जाहिराती पैसे मिळाले तरी नाकाराव्या लागतात: मधुमेह मुळापासून घालवणारी औषधे (१९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा), गर्भलिंगनिदानाकडे बोट दाखवणारी कोणतीही जाहिरात (१९९४ चा कायदा), तंबाखू (२००३ चा कायदा). आडवळणाने लिहिलेला मजकूरही यात धरला जातो. लेखासारखी दिसणारी जाहिरात असेल तर वर 'जाहिरात' छापा. ग्राहक कुरकुर करतो, तरी छापा.

दिवाळी अंकावर सगळे वर्ष चालते का?

अनेकांचे चालते. १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची ही परंपरा जाहिरातदारालाही समजावून सांगावी लागत नाही. पण जाहिराती गणपतीच्या आधी पक्क्या व्हायला हव्यात. नवरात्र उजाडल्यावर सराफ आणि कपडेवाले दैनिकांकडे वळलेले असतात. छापखान्याची तारीख जूनमध्येच अडवा, कारण त्या काळात कॅलेंडर, डायऱ्या आणि लग्नपत्रिकाही त्याच यंत्रावर असतात. अंक दिवाळीच्या किमान पंधरा दिवस आधी पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याकडे पोहोचला पाहिजे. भाऊबीजेनंतर तोच अंक निम्म्या किमतीत मागितला जातो.

पगार किती?

समूह, शहर आणि खाते यांवर इतका फरक पडतो की एक आकडा सांगणे फसवे ठरेल. ऑफर आली की पक्का पगार, इन्सेंटिव्ह आणि प्रवासभत्ता वेगळे लिहून मागा. इन्सेंटिव्ह बुकिंगवर आहे की वसुलीवर, हे नक्की विचारा. वसुलीवर असेल तर तुमच्या आधीच्या माणसाची उधारी तुमच्या खात्यावर टाकली जाणार नाही, हेही लेखी घ्या.

मुलाखतीला काय घेऊन जावे?

त्याच मासिकाचे मागचे तीन अंक विकत घ्या. पाने मोजा, जाहिरातींची पाने वेगळी मोजा, कागद आणि बांधणी ओळखा, एका पानावर अंदाजे खर्च मांडा. छपाईचा एखादा दोष दिसला तर त्याचे कारण लिहा. जाताना अंक स्टॉलवर कोणत्या तारखेला मिळाला, तेही टिपून न्या. ती तारीख बहुतेक वेळा मुलाखत घेणाऱ्यालाही माहीत नसते.